ईमची नोंदवही: नाव, तारखा आणि प्लेगचे आकडे

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातलं ईम हे डोंगरी गाव १६६५-६६ च्या प्लेगमुळे ओळखलं जातं. रोग बाहेर पसरू नये म्हणून गावाने स्वतःला कोंडून घेतलं, ही हकिकत २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा सगळीकडे फिरली. त्या हकिकतीतले आकडे प्रामुख्याने चर्चची नोंदवही आणि तेव्हाचे रेक्टर (गावच्या चर्चचे मुख्य धर्मगुरू) विल्यम मॉम्पेसन यांची पत्रं यांतून आले आहेत. वही कशी भरली जायची हे माहीत नसेल, तर त्या आकड्यांचा हमखास घोटाळा होतो.

आधी नावाचं पाहू. १०८६ च्या डूम्सडे पाहणीत (इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या मोजदादीत) गाव ‘आयुने’ असं नोंदलं आहे. मूळ शब्द जुन्या इंग्रजीतला, अर्थ ‘बेटांपाशी’. इथे बेट म्हणजे ओढ्यांच्या मधली जमीन. फ्रान्सहून आलेल्या नॉर्मन राज्यकर्त्यांचे कारकून कानावर पडेल तसं लिहीत. त्यात त्या काळच्या हस्ताक्षरात रोमन लिपीतली आय, यू, एन आणि एम ही चारही अक्षरं सारख्याच आखूड उभ्या रेघांची असत, त्यामुळे ‘म’चा ‘न’ होणं नेहमीचंच. पुढे स्पेलिंग बदलत राहिलं. आजचं स्पेलिंग (Eyam) पाहून परका माणूस ‘एयाम’ म्हणतो, गावात मात्र ‘ईम’च. जुन्या नोंदी शोधताना म्हणूनच गावाच्या नावाच्या एकाच रूपावर विसंबू नये. आधी परगणा, मग पॅरिश (एका चर्चच्या अखत्यारीतला भाग) निवडावी आणि पानं क्रमाने पाहावीत.

पॅरिश म्हणजे गाव नव्हे, हेही ध्यानात ठेवायला हवं. ईमच्या पॅरिशमध्ये फूलो आणि ईम वुडलँड्स हे भागही येत. तिथल्या माणसांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं ईमच्याच वहीत सापडतात.

अशा वह्या ठेवण्याचा हुकूम राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये काढला. सुरुवातीच्या बऱ्याच वह्या कागदी होत्या आणि त्या टिकल्या नाहीत. १५९८ मध्ये चर्मपत्रावर उतरवून काढण्याचा आदेश निघाला, तेव्हा अनेक ठिकाणी १५५८ पासूनच्याच नोंदी उतरवल्या गेल्या. ईमची उपलब्ध वही त्याहून उशिरा, १६३० पासून सुरू होते. कुठल्याही गावच्या वहीत कित्येक वर्षांच्या नोंदी एकाच हाताने, एकाच शाईने सलग लिहिलेल्या दिसल्या, तर ती नंतर केलेली नक्कल समजावी. नक्कल करताना ओळ सुटते, नाव बदलतं.

सगळ्यात जास्त फसवतात त्या तारखा. १७५१ पर्यंत इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून वहीत ‘जानेवारी १६६५’ असेल तर आपल्या हिशेबाने तो जानेवारी १६६६. ईममध्ये प्लेगचा पहिला बळी, शिंपी जॉर्ज विकर्स, सप्टेंबर १६६५ मध्ये गेला. तारखा न बदलता यादी केली, तर त्या हिवाळ्यातले मृत्यू साथ सुरू होण्याआधीचे ठरतात आणि साथीचा आलेखच उलटापालटा होतो. १ जानेवारी ते २४ मार्च या काळातली नोंद ‘१६६५/६६’ अशी दुहेरी लिहून ठेवणं हा यावरचा साधा उपाय. (१७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, तो गोंधळ वेगळा.)

आता बळींची संख्या. नोव्हेंबर १६६६ च्या पत्रात मॉम्पेसन लिहितात की पॅरिशमधल्या ७६ कुटुंबांत रोग शिरला आणि २५९ माणसं गेली. हा आकडा वहीशी बऱ्यापैकी जुळतो. वाद आहे तो लोकसंख्येचा. ‘३५० पैकी ८३ वाचले’ हे वाक्य अजूनही छापलं जातं, पण नोंदवही आणि चूलकराच्या (घरातल्या चुलींवरच्या कराच्या) याद्या ताडून पाहिल्यावर लोकसंख्या ७०० च्या आसपास किंवा त्याहून जास्त निघते. म्हणजे तीन चतुर्थांश नव्हे, साधारण एक तृतीयांशाहून थोडी अधिक माणसं गेली. तेही भयंकरच आहे. फुगवायची गरज नाही.

वहीतल्या दफनाच्या नोंदीवरून थडग्याची जागा मात्र कळत नाही. १६६६ च्या उन्हाळ्यात चर्च बंद झालं, प्रार्थना उघड्यावर होऊ लागल्या आणि घरच्यांनीच आपली माणसं शेतात, परसात पुरली. एलिझाबेथ हॅनकॉकने त्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली ती गावाबाहेर, रायलीच्या शेतात. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीनही त्याच महिन्यात गेली. तिचं थडगं चर्चच्या आवारात आहे.

मूळ वहीत पान फाटलेलं किंवा अक्षर पुसट असेल, तर बिशपकडे दरवर्षी पाठवायची नक्कल कामाला येते. ती मात्र डर्बीशरच्या दप्तरात शोधून उपयोग नाही. १८८४ पर्यंत डर्बीशर लिचफील्डच्या बिशपच्या अखत्यारीत होतं, त्यामुळे या नकला शेजारच्या स्टॅफर्डशरच्या दप्तरात गेल्या आहेत. सतराव्या शतकाच्या मध्यातल्या इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या काळातल्या नकला सहसा मिळत नाहीत.