अलाबामा दावे

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) ब्रिटनमध्ये बांधलेल्या दक्षिणेच्या (संघराज्यातून फुटून निघालेल्या राज्यांच्या) युद्धनौकांनी उत्तरेच्या (संघराज्याच्या) व्यापारी जहाजांचे जे नुकसान केले, त्याच्या भरपाईसाठी अमेरिकेने ब्रिटनवर केलेले दावे. ‘अलाबामा’ ही त्यांतील सर्वांत कुप्रसिद्ध नौका असल्याने वादाला तिचेच नाव मिळाले.

ब्रिटनने मे १८६१ मध्ये तटस्थता जाहीर केली. तेथील १८१९ च्या कायद्यानुसार परक्या युद्धासाठी आपल्या हद्दीत जहाज सज्ज करणे हा गुन्हा होता. मात्र नुसते जहाज बांधून दिले व तोफा दुसरीकडे चढवल्या तर काय, याचे नेमके उत्तर कायद्यात नव्हते. दक्षिणेचा हस्तक जेम्स बुलक याने ही पळवाट हेरली. इंग्लंडमधील बर्कनहेड येथील लेअर्ड गोदीत बांधलेले ‘अलाबामा’ जहाज २९ जुलै १८६२ रोजी निःशस्त्र बाहेर पडले आणि अझोर्स बेटांपाशी शस्त्रसज्ज झाले. लंडनमधील अमेरिकी राजप्रतिनिधी चार्ल्स फ्रान्सिस अ‍ॅडम्स यांनी पुरावे आधीच दिले होते. पण ते पुरावे ज्या ब्रिटिश विधी अधिकाऱ्याकडे मतासाठी गेले तो आजारी असल्याने कागद तसेच पडून राहिले. जून १८६४ मध्ये शेरबूरजवळ बुडेपर्यंत ‘अलाबामा’ने साठाहून अधिक जहाजे पकडली. दरम्यान १८६३ मध्ये दक्षिणेसाठी बांधलेल्या लेअर्डच्याच दोन चिलखती नौका ब्रिटिश सरकारने अडवून ठेवल्या, म्हणजे इच्छा असली की उपाय सापडत होता.

युद्धानंतर झालेला पहिला समझोता अमेरिकी सिनेटने १८६९ मध्ये फेटाळला. युद्ध लांबल्याचा खर्चही ब्रिटनने सोसावा, ही सिनेटर चार्ल्स सम्नर यांची मागणी तर ब्रिटनला मान्य होणे शक्यच नव्हते. गंमत अशी की, अमेरिका व ब्रिटन यांच्यातील १७९४ च्या ‘जे’ नावाच्या करारात तटस्थ अमेरिकेनेच आपल्या बंदरांत सज्ज झालेल्या जहाजांनी केलेल्या नुकसानीची भरपाई ब्रिटनला देण्याचे कबूल केले होते.

अखेर ८ मे १८७१ च्या वॉशिंग्टन तहाने प्रश्न लवादाकडे सोपवला. आपल्या बंदरांत युद्धनौका सज्ज होऊ नयेत यासाठी तटस्थ राष्ट्राने ‘योग्य दक्षता’ घेतली पाहिजे, हा नियम १८६२ मध्ये अस्तित्वात होता असे ब्रिटनने मान्य केले नाही, तरी त्याच कसोटीवर निवाडा होऊ देण्यास मात्र संमती दिली. जिनिव्हा येथील लवाद मंडळाच्या पाच सदस्यांत इटली, स्वित्झर्लंड व ब्राझील यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी होता. अप्रत्यक्ष हानीचे (युद्ध लांबल्याच्या खर्चासारखे) दावे वगळून १४ सप्टेंबर १८७२ रोजी ब्रिटनने १ कोटी ५५ लाख डॉलर द्यावेत, असा निर्णय झाला. मंडळातील ब्रिटिश सदस्य कॉकबर्न यांनी त्यावर सही केली नाही. देशांतर्गत कायदा अपुरा होता, या सबबीवर तटस्थ राष्ट्राची जबाबदारी टळत नाही, हे निवाड्यातील सर्वांत दूरगामी तत्त्व होय. ब्रिटनने आपला कायदा १८७० मध्येच कडक करून जहाजबांधणीही त्याच्या कक्षेत आणली होती.