आयतालेखावर नॉर्मल कर्व्ह: दोन वेगळ्या काळांतल्या आकृत्या

एक्सेलमध्ये आयतालेख काढून त्यावर घंटेच्या आकाराचा नॉर्मल कर्व्ह चढवायला गेलं, की पहिल्या खेपेला बहुतेकांचा वक्र खालच्या अक्षाला चिकटून सपाट पडतो. सूत्र चुकलेलं नसतं. स्तंभ नोंदी मोजतात, वक्र घनता, म्हणजे त्या मूल्याभोवती नोंदी किती दाट आहेत ते, सांगतो, आणि वक्राखालचं एकूण क्षेत्रफळ १ असतं. म्हणून वक्राची उंची देणाऱ्या ‘नॉर्म.डिस्ट’ फंक्शनच्या उत्तराला एकूण नोंदी आणि वर्गाची, म्हणजे एका स्तंभाची, रुंदी या दोन्हींनी गुणावं लागतं. हा सांधा आपल्यालाच जुळवावा लागतो, कारण या दोन आकृत्या मुळात एकमेकींसाठी घडलेल्याच नाहीत.

वक्र पुष्कळ जुना. धार्मिक छळामुळे फ्रान्स सोडून लंडनला आलेल्या अब्राहम द म्वाव्रनं १७३३ मध्ये तो काढला. नाणं शेकडो वेळा उडवलं तर अमुक इतके छाप पडण्याची शक्यता किती, ही आकडेमोड हातानं करणं जिवावर येई. तिचा जवळपासचा अंदाज देणारं सूत्र, एवढीच त्याची गरज होती. १८०९ मध्ये जर्मन गणितज्ञ गाउसनं हाच वक्र खगोलीय निरीक्षणांतल्या चुकांना लावला. पुढच्याच वर्षी फ्रेंच गणितज्ञ लाप्लासनं दाखवलं, की अनेक लहान, स्वतंत्र कारणांची बेरीज झाली की हा आकार येतो. माणसांच्या मापांवर तो आणला बेल्जियमच्या केतलेनं. १८४६ मध्ये त्यानं ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची आधीच छापून आलेली मापं वापरून, प्रत्यक्ष संख्या आणि गणितानं येणारी संख्या यांची तुलना मांडली. पण कोष्टकात. आकड्यांवर वक्र ठेवून पाहण्याची आजची सवय तिथे दिसत नाही.

आयतालेखाला ‘हिस्टोग्राम’ हे इंग्रजी नाव दिलं संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सननं, १८९१ च्या सुमारास, लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजातल्या व्याख्यानांमध्ये. मग १८९५ च्या त्याच्या शोधनिबंधात ते छापून आलं. गंमत अशी, की तो निबंध नॉर्मल वक्राच्या कौतुकाचा नव्हताच. एका बाजूला झुकलेल्या, त्या वक्रात न बसणाऱ्या आकडेवारीसाठी दुसरे वक्र शोधण्याचा तो खटाटोप होता. आज आपण आयतालेखावर डोळे झाकून घंटा ठेवतो, ते पिअर्सनला फारसं रुचलं नसतं. सूत्राला फक्त सरासरी आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप, लागतं. विद्यार्थ्यांच्या गुणांना दोन उंचवटे असले, तरी ते एकच देखणा उंचवटा काढून देतं.

वर्ग किती पाडायचे, हा वाद त्यानंतरचा. दहावीला आलेख कागदावर आयतालेख काढताना वर्ग प्रश्नातच दिलेले असतात, त्यामुळे तो आपल्या कानावरही येत नाही. १९२६ मध्ये स्टर्जेसनं नोंदींच्या संख्येवरून वर्ग ठरवण्याचा नियम दिला. १९७९ मध्ये डेव्हिड स्कॉटनं प्रमाण विचलन आणि नोंदींची संख्या यांवरून वर्गाची रुंदी काढली.

त्याच १९७९ साली व्हिजिकॅल्क ही वैयक्तिक संगणकावरची पहिली गाजलेली स्प्रेडशीट बाजारात आली. ती जन्माला आली हिशेबासाठी. एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आलं, १९८७ मध्ये विंडोजवर, पण आयतालेख हा स्वतंत्र चार्ट तिथे कित्येक वर्षं नव्हता. ‘फ्रीक्वेन्सी’ फंक्शननं किंवा अ‍ॅनालिसिस टूलपॅक या जोड-सुविधेनं नोंदी मोजायच्या, साधा स्तंभालेख काढायचा आणि गॅप विड्थ, म्हणजे स्तंभांमधली फट, शून्य करून स्तंभ एकमेकांना भिडवायचे, असा तो कारभार.

एक्सेल २०१६ मध्ये अखेर तयार हिस्टोग्राम आला. आपोआप रुंदी निवडताना तो स्कॉटचाच नियम वापरतो. पण या चार्टवर दुसऱ्या प्रकारची मालिका, म्हणजे वक्राची रेषा, चढवता येत नाही. त्यामुळे वक्र हवा असेल, तर आजही जुन्या स्तंभालेखाकडेच वळावं लागतं: गॅप विड्थ शून्य, वक्राच्या आकड्यांसाठी शीटमध्ये वेगळा कॉलम, आणि त्यात सुरुवातीचा तो गुणाकार.