मोबाइल अ‍ॅपची साधननिवड : नेटिव्ह, वेब आणि हायब्रिड

मोबाइलवर चालणारं अ‍ॅप कुठल्या भाषेत लिहायचं, कुठलं फ्रेमवर्क (कोडचा तयार सांगाडा) घ्यायचं, एकच कोड दोन्हीकडे चालवायचा की दोन वेगळे सांभाळायचे, हे कामाच्या आधी ठरवावं लागतं, त्याला इथे साधननिवड म्हटलंय. रूढ वर्गीकरण तीन खणांचं आहे. नेटिव्ह म्हणजे त्या त्या फोनच्या सिस्टिमसाठी तिच्याच साधनांनी केलेलं, आयफोनला स्विफ्ट आणि अँड्रॉइडला कोटलिन, जुन्या कोडमध्ये ऑब्जेक्टिव्ह-सी आणि जावा. वेब म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारं. आणि हायब्रिड म्हणजे आत वेबपान आणि बाहेरून अ‍ॅपचं कवच. हे तीन खण बहुतेक ठिकाणी असेच दिलेले असतात, पण रिअ‍ॅक्ट नेटिव्ह आणि फ्लटर ही नंतरची साधनं कशातच धड बसत नाहीत, त्यामुळे स्क्रीनवरचं बटण शेवटी रेखाटतं कोण, असं विचारलेलं बरं पडतं. त्याकडे पुढे येऊ.

हायब्रिडची सुरुवात कुठून धरायची यावर मतं वेगळी आहेत. जास्त चालणारी हकीकत अशी की ऑगस्ट २००८ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या आयफोन डेव्हकॅम्पमध्ये व्हँकुव्हरच्या निटोबी कंपनीच्या लोकांनी फोनगॅप सुरू केलं आणि तिथून हे सगळं निघालं. नोकियावर काम केलेले लोक हे मानत नाहीत, ते म्हणतात नोकियाच्या एस६० फोनवर २००७ मध्येच वेब रनटाइम (वेबच्या भाषेतला कोड फोनवर चालवणारा भाग) जाहीर झालं होतं आणि त्याची विजेट म्हणजे छोटी अ‍ॅप एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टमध्येच लिहायची होती, मग फोनगॅप पहिलं कसं? मुद्दा खरा आहे, पण नोकियाचं रनटाइम फोनच्या सिस्टिमचाच भाग होतं, कंपनी देईल तेवढंच मिळायचं. फोनगॅपमध्ये डेव्हलपरनेच आपल्या अ‍ॅपच्या पोटात ब्राउझरची खिडकी म्हणजे वेबव्ह्यू बसवला आणि तिथून फोनच्या कॅमेऱ्यापर्यंत, काँटॅक्टपर्यंत स्वतः पूल बांधला. हायब्रिडचा अर्थ हा पूल असा घेतला तर २००८ हेच साल धरणं जास्त सयुक्तिक वाटतं.

त्याच साली का, हेही बघण्यासारखं आहे. आयफोन जून २००७ मध्ये आला तेव्हा बाहेरच्या डेव्हलपरसाठी एसडीके म्हणजे अ‍ॅप बनवायच्या साधनांचा संच नव्हता, अ‍ॅपलचं म्हणणं सफारीसाठी वेब अ‍ॅप करा. एसडीके आला मार्च २००८ ला, अ‍ॅप स्टोअर उघडलं १० जुलै २००८ ला. म्हणजे वर्षभर वेबवर हात बसलेली मंडळी अचानक स्टोअरच्या दारात उभी, आणि ऑब्जेक्टिव्ह-सी तर बऱ्याच जणांनी पाहिलेलीही नाही.

पूल बांधायची पद्धत म्हणजे निव्वळ जुगाड होता. आयफोनच्या तेव्हाच्या वेबव्ह्यूमध्ये जावास्क्रिप्टला नेटिव्ह कोडला हाक मारायची सरळ सोय नव्हती, म्हणून पान 'गॅप' अशा बनावट पत्त्यावर जायला निघायचं, नेटिव्ह बाजू तो पत्ता मधेच अडवायची, त्यातून काय काम आहे ते ओळखायची आणि उत्तर म्हणून जावास्क्रिप्टची एक ओळ पानात चालवायची. अँड्रॉइडवर काही आवृत्त्यांत यासाठी चक्क 'प्रॉम्प्ट' हे फंक्शन वापरलं, तेच जे एरवी यूजरकडून काहीतरी टाइप करून घ्यायला असतं. ऑक्टोबर २०११ मध्ये अडोबीने निटोबी घेतली आणि कोड अपाची फाउंडेशनला दिला, तिथे त्याचं नाव आधी कॉलबॅक आणि मग कॉर्डोव्हा झालं. निटोबीचं ऑफिस व्हँकुव्हरच्या ज्या रस्त्यावर होतं त्याचं हे नाव, कॉर्डोबा शहराचा थेट संबंध नाही.

मधे एप्रिल २०१० मध्ये अ‍ॅपलने डेव्हलपरबरोबरच्या करारात कलम ३.३.१ बदललं, की अ‍ॅप मुळातच ऑब्जेक्टिव्ह-सी, सी, सी++ किंवा वेबकिटमध्ये (सफारीच्या आतल्या इंजिनमध्ये) चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं हवं. रोख अडोबीच्या फ्लॅशवर होता असंच सहसा मानतात. वेबकिटची सूट असल्याने हायब्रिडवाले वाचले, बाकीच्यांना सप्टेंबर २०१० मध्ये कलम सैल होईपर्यंत थांबावं लागलं.

यानंतरचा प्रसंग फेसबुकचा, आणि त्याचा दाखला अजूनही नको तिथे दिला जातो. ऑगस्ट २०१२ मध्ये फेसबुकने आयफोनचं अ‍ॅप नेटिव्हमध्ये नव्याने लिहून आणलं आणि एचटीएमएल५ वर फार भिस्त ठेवली ही मोठी चूक होती असं झकरबर्गने सप्टेंबरमध्ये जाहीर सांगितलं. पण त्या वेळी सफारीला मार्च २०११ पासून जावास्क्रिप्ट चालवणारं जे वेगवान नायट्रो इंजिन मिळालं होतं ते दुसऱ्या अ‍ॅपच्या वेबव्ह्यूला मिळतच नव्हतं, तेच पान सफारीत पळायचं आणि अ‍ॅपमध्ये रखडायचं. सेंचा कंपनीने डिसेंबर २०१२ मध्ये फास्टबुक नावाचा, फेसबुकसारखाच पण एचटीएमएल५ मधला नमुना करून दाखवला तो याच वादात. ते इंजिन मिळालेला नवा वेबव्ह्यू आयओएस ८ बरोबर २०१४ ला आला. अँड्रॉइडवर ४.४ पासून वेबव्ह्यू क्रोमियमचा (क्रोम ब्राउझरच्या मूळ कोडचा) झाला, आणि ५.० पासून तो प्ले स्टोअरमधून अपडेट होऊ लागला. त्यामुळे २०१२ चा निवाडा आजच्या फोनला जसाच्या तसा लावणं धोक्याचं.

आता बटण कोण रेखाटतं ते. कॉर्डोव्हा आणि आयोनिक या हायब्रिड फ्रेमवर्कमध्ये वेबव्ह्यू रेखाटतो. २०१५ मध्ये आलेल्या रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये लॉजिक जावास्क्रिप्टचं पण बटण सिस्टिमचं खरंखुरं. फ्लटर, १.० आवृत्ती डिसेंबर २०१८, डार्ट भाषा वापरतं आणि स्क्रीनवरचं सगळं स्वतःच रंगवतं, सिस्टिमकडे बटण मागतच नाही, म्हणून दोन्ही फोनवर सारखं दिसतं आणि म्हणूनच रिकामं अ‍ॅपही काही एमबीचं होतं. मराठीपुरता यात एक बारीक मुद्दा आहे जो निवड करताना कोणी बघत नाही: मराठी वळणाचे ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे, दोन्ही रूपं एकाच फॉन्टमध्ये असू शकतात आणि भाषेच्या खुणेवरून कुठलं घ्यायचं ते ठरतं. वेबपानात लँग अ‍ॅट्रिब्यूटला मराठीचा कोड दिला तर मराठी रूप येतं, फॉन्टमध्ये सोय असेल तर. फ्लटरमध्ये हेच लोकेलवरून म्हणजे भाषेच्या सेटिंगवरून ठरतं, अ‍ॅपच्या किंवा टेक्स्टस्टाइलच्या, तिथे मराठी नसेल तर ल हिंदी वळणाचा येऊ शकतो.

निव्वळ वेबच्या बाजूला प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप (फोनच्या होम स्क्रीनवर ठेवता येणारं वेब अ‍ॅप) हे नाव २०१५ चं, फ्रान्सिस बेरीमन आणि अ‍ॅलेक्स रसेल यांनी दिलेलं. आपल्याकडे त्याच वर्षी फ्लिपकार्टने मोबाइल साइट बंद केली, मिंत्राने तर वेबसाइटच बंद करून फक्त अ‍ॅप ठेवलं, आणि नोव्हेंबरमध्ये फ्लिपकार्ट लाइट नावाने वेब परत आलं, मिंत्रा २०१६ ला परत फिरलं. आयफोनवर वेब अ‍ॅपला पुश नोटिफिकेशन मिळायला मार्च २०२३ उजाडला, तेही होम स्क्रीनवर टाकलं असेल तरच. २०१७ च्या जिओफोनची कायओएस ही सिस्टिम फायरफॉक्स ओएसवरून निघालेली, तिथली अ‍ॅप वेबच्याच भाषेत लिहायची.

खर्चाचं थोडक्यात: आयफोनचं बिल्ड एक्सकोडमधून होतं आणि एक्सकोड फक्त मॅकवर चालतं, अ‍ॅपलची डेव्हलपर फी वर्षाला ९९ डॉलर, गूगल प्लेची एकदाच २५. नुसती वेबसाइट कवचात घालून पाठवली तर अ‍ॅपल किमान उपयुक्ततेच्या नियमावर परत पाठवू शकतं.

साधन किती वर्षं टिकेल हा प्रश्न मात्र वेगाइतकाच महत्त्वाचा, आणि तुलनेच्या तक्त्यांत तो क्वचित असतो. फोनगॅप बिल्ड ही ऑनलाइन बिल्डची सेवा २०२० मध्ये बंद झाली, मोबाइल वेबपानांसाठीचं जेक्वेरी मोबाइल २०२१ मध्ये निवृत्त केलं, मायक्रोसॉफ्टच्या झामारिन या साधनाचा सपोर्ट मे २०२४ मध्ये संपला. कॉर्डोव्हा अपाचीकडे आहे, आणि आयोनिकच्या कपॅसिटर या तशाच कवचात कॉर्डोव्हाचे बरेच जुने प्लगिन (जोडायचे तयार भाग) चालतात.