कोळी व कीटकांच्या हालचालींची जैवयांत्रिकी

कोळी व कीटक चालतात, धावतात, उडी मारतात, भिंतीला धरून राहतात आणि कीटक उडतातही. या हालचालींमागील बल, दाब, तरफा व स्थितिस्थापक शक्ती यांचा अभ्यास. दोन्ही गट संधिपाद, म्हणजे सांधे असलेल्या पायांच्या, प्राण्यांचे. दोघांनाही आत हाडे नाहीत. शरीरावर कायटिनयुक्त कवच असते आणि स्नायू त्या कवचाच्या आतल्या बाजूला चिकटलेले असतात. पाय म्हणजे सांध्यांनी जोडलेल्या पोकळ नळ्यांची माळ. इथेच मूळ अडचण उभी राहते. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून सांधा वाकवायला एक स्नायू लागतो आणि तो पुन्हा सरळ करायला समोरचा दुसरा. कीटकांच्या पायांत बहुतेक सांध्यांवर अशी जोडी असते. कोळ्याच्या पायात दोन महत्त्वाच्या सांध्यांवर ती नसते, आणि दोन्ही गटांच्या चालीतला सर्वांत मोठा फरक याच एका गोष्टीतून निघतो.

रक्ताच्या दाबावर चालणारा पाय. कोळ्याच्या प्रत्येक पायाला सात खंड असतात. त्यांपैकी मांडीच्या खंडानंतरचा गुडघ्याचा सांधा आणि नडगीच्या खंडाच्या टोकाचा सांधा यांना वाकवणारे स्नायू आहेत, सरळ करणारे नाहीत. हे सांधे उघडतात ते शरीरातील द्रवाच्या, म्हणजे हीमोलिंफच्या (कोळ्याच्या रक्ताच्या) दाबाने. कोळ्याच्या शरीराचे दोन भाग असतात : पुढचा शिरोवक्ष आणि मागचे उदर. शिरोवक्षातील स्नायू आकुंचन पावले की वरचे कवच खाली ओढले जाते, आतल्या द्रवावर दाब पडतो, तो द्रव पायांच्या पोकळीत सरकतो आणि वाकलेला सांधा उघडतो. जेसीबीचा हात तेलाच्या दाबाने लांब होतो, त्याच तत्त्वावर.

डी. ए. पॅरी आणि आर. एच. जे. ब्राउन यांनी 1959 मध्ये घरात राहणाऱ्या टेजेनॅरिया कोळ्याच्या पायातील दाब मोजला. कोळी स्वस्थ असताना तो पाऱ्याच्या सुमारे 50 मिलिमीटर भरला. क्षणिक उसळीत 400 मिलिमीटरपर्यंत गेला. निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब 120 मिलिमीटरच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले की या आकड्याचे मोल कळते. विशेष म्हणजे दाबाचा उगम एकच, शिरोवक्ष, पण पाय आठ. तरीही प्रत्येक पाय वेगळा हलतो, कारण ज्या पायाने वाकलेले राहायचे त्याचे वाकवणारे स्नायू दाबाला अडवून धरतात आणि ज्याने उघडायचे त्याचे सैल पडतात. टाकी एक, नळ आठ, आणि प्रत्येक नळाची तोटी स्वतंत्र.

घराच्या कोपऱ्यात मेलेला कोळी पाय पोटाशी आवळून पडलेला दिसतो, त्याचे कारणही हेच. दाब संपला, उघडणारे बल गेले, सांधे आत ओढले गेले. शरीरातले पाणी फार कमी झालेला जिवंत कोळीही असाच आखडतो. अमेरिकेतील राइस विद्यापीठात 2022 मध्ये या गुणाचा उपयोग करून पाहण्यात आला. मेलेल्या लांडगा-कोळ्याच्या शिरोवक्षात सुई बसवून हवेचा दाब दिला की पाय उघडत आणि दाब काढला की मिटत. असा हा चिमटा स्वतःच्या वजनाहून अधिक भार उचलू शकला आणि सुमारे 1,000 वेळा उघडमीट होईपर्यंत टिकला. कोळ्याच्या पायातील योजना किती साधी आणि किती मजबूत आहे, याचा याहून थेट पुरावा सापडणे कठीण.

या योजनेची किंमतही आहे. हृदय उदरात असते. धावताना शिरोवक्षातील दाब उदरातील दाबापेक्षा वाढतो, त्यामुळे बारीक कमरेतून पुढे येणारा प्रवाह अडतो आणि पायांच्या स्नायूंना ताजा ऑक्सिजन मिळणे कठीण होते. कोळी विजेसारखा धावतो, पण थोडेच अंतर, मग थांबतो. शरीराला भोक पडून द्रव वाहून गेला तर सगळेच पाय एकदम आखडून निकामी होतात. मोबदल्यात काय मिळते? बारीक पायातली जागा वाकवणाऱ्या स्नायूंना मोकळी राहते, म्हणजे भक्ष्य आवळून धरण्याचे बळ वाढते, असे मानले जाते.

उडी मारणाऱ्या कोळ्यांत हा दाब सर्वांत ठळकपणे दिसतो. पॅरी व ब्राउन यांनी अभ्यासलेल्या सिटिकस जातीत पायांची शेवटची जोडी झटक्यात सरळ होते आणि कोळी फेकला जातो. त्या पायांचे स्नायू जाडजूड नसतात, नाकतोड्याच्या मांडीसारखी फुगीर मांडीही नसते. मात्र हा नियम सगळ्यांना सरसकट लावू नये. मोठ्या आकाराच्या काही कोळ्यांत उडीचा बराच जोर पायाच्या बुंध्याकडील सांध्यांतून येतो आणि तिथे सरळ करणारे स्नायू असतात. महाराष्ट्रात भिंतींवर, कुंपणांवर, झाडांच्या खोडांवर उडी मारणारे कोळी सर्रास दिसतात. ठाणे परिसरातून 2021 मध्ये नव्याने वर्णन केलेल्या अशा एका जातीला मुंबईवरील हल्ल्यात हुतात्मा झालेले पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ इसियस तुकारामी हे नाव देण्यात आले. कोकणातल्या घरांत दिसणारा मोठा चपटा कोळी (हेटेरोपोडा व्हेनेटोरिया) मात्र वेगळ्या घडणीचा : त्याचे पाय खेकड्यासारखे बाजूला वळलेले असल्याने तो तसबिरीमागच्या फटीतही सहज शिरतो.

पावलांचा क्रम. कीटक सहा पायांवर चालताना एका बाजूचा पुढचा व मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला असे तीन पाय एकत्र टेकवतो. जमिनीवर कायम एक तिवई उभी असते. कोळी एका बाजूचे पहिला व तिसरा आणि दुसऱ्या बाजूचे दुसरा व चौथा असे चार-चार पाय आळीपाळीने उचलतो. एखादा पाय तुटला तरी तो क्रम बदलून पळू शकतो. वेग वाढला की नियम मोडतात : 1991 मध्ये रॉबर्ट फुल व मायकेल टू यांनी अमेरिकन झुरळ सेकंदाला दीड मीटर वेगाने, सर्वाधिक वेगात तर मागच्या दोनच पायांवर, धावताना नोंदले. हेच झुरळ कवच दाबून 3 मिलिमीटर फटीतून आरपार जाते, हे कौशिक जयराम व फुल यांनी 2016 मध्ये दाखवले. बाह्य कवच म्हणजे ताठ चिलखत ही समजूत या प्रयोगांनंतर सोडून द्यावी लागते.

साठवलेली उडी. कोळी द्रव वापरतो, तर उडी मारणारा कीटक बहुधा स्प्रिंग वापरतो. लहान प्राण्याचे पाय आखूड, त्यामुळे जमीन सुटण्यापूर्वी जोर लावायला वेळ अत्यल्प मिळतो, आणि इतक्या थोड्या वेळात कोणताही स्नायू पुरेशी शक्ती देऊ शकत नाही. उपाय धनुष्यासारखा : सावकाश ताणायचे, मग एकदम सोडायचे. टोळ गुडघा मिटून धरतो आणि मांडीतला मोठा स्नायू आकुंचित करत राहतो. ऊर्जा गुडघ्याजवळच्या चंद्रकोरीसारख्या कवचपट्ट्या वाकवण्यात साठते. मग धरून ठेवणारा स्नायू सैल पडतो आणि नडगी सुटते. पिसवेत हे काम रेझिलिन या रबरासारख्या प्रथिनाच्या मदतीने होते. टॉर्केल वाइस-फो यांनी 1960 मध्ये वर्णन केलेले हे प्रथिन ताणताना दिलेली सुमारे 97 टक्के ऊर्जा परत करते. पिसू नेमकी कशाने जमीन रेटते, यावर दीर्घकाळ मतभेद होते. 2011 मध्ये ग्रेगरी सटन व माल्कम बरोज यांनी ती नडगी व पावलाने रेटते हे दाखवून ते मिटवले. पिसू माणसाएवढी असती तर तिने उडी मारून इमारत ओलांडली असती, हे मात्र खरे नाही. शरीर मोठे होताना वजन आणि स्नायूंची ऊर्जा जवळपास सारख्याच प्रमाणात वाढतात, म्हणून उडीची उंची आकाराच्या पटीत वाढत नाही.

झाडांचा रस शोषणाऱ्या इसस या तुडतुड्यासारख्या कीटकाच्या पिल्लांत मागच्या दोन पायांच्या बुंध्याशी चक्क दातेरी चाके असतात. ती एकमेकांत अडकतात आणि दोन्ही पाय सेकंदाच्या सुमारे 30 दशलक्षांश भागाच्या फरकाने सुटतात. इतकी अचूकता चेतातंतूंच्या संदेशांतून मिळणे शक्यच नव्हते. बरोज व सटन यांनी 2013 मध्ये हे प्रसिद्ध केले. प्रौढ होताना शेवटची कात टाकली की दाते नाहीसे होतात.

पंख. फ्रान्समध्ये 1934 साली आंत्वान मान्याँ यांनी विमानांचे गणित कीटकांना लावले आणि त्यांचे उड्डाण अशक्य ठरवले. चूक कीटकांची नव्हती, गणिताची होती : कीटकाचा पंख स्थिर नसतो, तो पुढेमागे फडफडतो आणि प्रत्येक टोकाला उलटा फिरतो. चार्ल्स एलिंग्टन व सहकाऱ्यांनी 1996 मध्ये ससाण्या पतंग (हॉक मॉथ) या कीटकाभोवती धूर सोडून पंखाच्या पुढच्या कडेवर चिकटून राहणारा भोवरा दाखवला. उचल देणारा कमी दाब तिथे तयार होतो. मायकेल डिकिन्सन, फ्रिट्झ-ओलाफ लेमान व संजय साने यांनी 1999 मध्ये तेलात हलणाऱ्या यांत्रिक पंखावर मापन करून पंख उलटताना होणाऱ्या फिरण्याचा वाटा मोजला. माशी व डास यांचे उड्डाणस्नायू पंखांना थेट जोडलेले नसतात. ते वक्षाचे कवच आळीपाळीने दाबतात, आणि एक स्नायू आखडला की ताणला गेलेला दुसरा आपोआप आखडतो. म्हणून प्रत्येक फडफडीला मेंदूकडून वेगळा संदेश लागत नाही. चतुराचे तसे नाही, त्याचे स्नायू पंखांच्या मुळाशी थेट जोडलेले असतात आणि चारही पंख स्वतंत्रपणे चालवता येतात.

माशीला मागच्या पंखांच्या जागी दोन चिमुकल्या घुंड्या असतात. त्या पंखांच्या तालात हलतात आणि शरीर वळले की त्यांच्या बुंध्यावर पडणाऱ्या बलावरून माशीला ते वळण समजते. इतक्या वेगात पंख आणि घुंड्या एकमेकांशी जुळतात कसे? बंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रात साने व सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवले की हा मेळ वक्षाच्या कवचातील यांत्रिक दुव्यांमुळे राहतो : दुवा कापला की पंख आणि घुंडी यांचा ताल सुटतो.