केबल गेली, काटा राहिला

जुन्या फियाट किंवा अॅम्बॅसिडरच्या डॅशबोर्डात इलेक्ट्रॉनिक स्पीडोमीटर बसवला, की हौशी मंडळींत हमखास दोन तट पडतात. एकाला तो पाप वाटतो, दुसऱ्याला सोय. मात्र हे खूळ मोबाइलच्या जमान्यातलं आहे, यावर दोघांचंही एकमत असतं. आपल्याकडे या प्रकाराची मुळं त्याहून जुनी आहेत आणि ती डॅशबोर्डात सापडत नाहीत. ती गाडीखाली, गिअरबॉक्सच्या शेपटीपाशी सापडतात.

मूळ यंत्र साधं. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला एक छोटं पिनियन, म्हणजे दातेरी चाक असतं. त्यात केबलची इनर, म्हणजे आतली फिरणारी तार बसते आणि ती मीटरमधलं चुंबक फिरवते. चुंबकाभोवती अॅल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो, पण फिरणारं चुंबक वाटीला आपल्यासोबत ओढू पाहतं आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला अडवते. या ओढाताणीत वाटी जेवढी वळेल, तेवढा काटा चढतो. एका जर्मन अभियंत्याने १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षं जगभरच्या मोटारी याच युक्तीवर चालल्या. आपली १९६४ पासून कुर्ल्यात बनू लागलेली फियाट ११०० डिलाइट, १९७४ च्या सुमारास तिचंच नाव झालेली पद्मिनी, आणि उत्तरपाड्याची अॅम्बॅसिडर, सगळ्या त्यातच आल्या.

ही रचना चिवट होती. ती बिघडायची ती बहुतेक वेळा माणसाच्या हातून. केबलला ग्रीस लावताना मेकॅनिक इनर वरपासून खालपर्यंत माखून टाकायचा. इनर म्हणजे तारेचा पीळ. ती फिरू लागली की स्क्रूसारखी ग्रीस वर चढवते आणि ते ग्रीस मीटरच्या पोटात जाऊन वाटीला चिकटतं. मग काटा चाळीसवर अडकून बसतो आणि दोष मीटरला मिळतो. वरचा वीतभर भाग कोरडा ठेवायचा, हे जुन्या मीटरवाल्यांना पाठ होतं. दुसरी खोड बाजारातल्या नकली केबलची. इनर जरा लांब निघाली तरी तिचं चौकोनी टोक मीटरच्या दांड्यावर दाब देतं, दांड्याची बाही (बुश) झिजवतं, आणि काटा थरथरत शेवटच्या आकड्यावर जाऊन आपटतो. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर केबल घेताना इनर बाहेर ओढून जुन्या केबलशी मोजून बघणारं गिऱ्हाईक म्हणूनच शहाणं.

तरीही नुसत्या केबलपायी कोणी मीटर उपटला नसता. खरा घोळ सुरू झाला तो दुसऱ्या गाडीचे गिअरबॉक्स जुन्या गाड्यांत शिरू लागले तेव्हा.

१९८५ मध्ये पद्मिनीवाल्या प्रीमियर कंपनीची ११८ एनई आली ती जपानी निस्सानचं इंजिन आणि गिअरबॉक्स घेऊन. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अॅम्बॅसिडरला इसुझूचं १८०० सीसी इंजिन आणि पाच गिअर मिळाले. स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर टाकून टाकून कंटाळलेल्या मालकांना जमिनीवरचा गिअर हवा होता, अॅम्बॅसिडरवाल्यांना पाचवा हवा होता. भंगारातून हे गिअरबॉक्स मिळत होते, गॅरेजवाले ते बसवूनही देत होते. गाडी मस्त पळायची. मीटर मात्र खोटं बोलू लागायचा.

कारण मीटरला वेग कळत नाही, त्याला फक्त केबलचे फेरे कळतात. एका किलोमीटरमागे केबल किती फिरणार, हे पिनियनचे दात, मागच्या अॅक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्सकडून येणारा दांडा किती फिरतो ते प्रमाण) आणि टायरचा घेर मिळून ठरवतात. मीटर त्याच हिशेबाने लावलेला असतो. जुन्या ब्रिटिश मीटरांच्या तबकडीवर तळाशी बारीक अक्षरात हा आकडा छापलेला दिसतो, अर्थात मैलामागे. अमेरिकी रिवाज मैलाला १,००० फेऱ्यांचा, म्हणजे किलोमीटरला साधारण ६२१. जपानी रिवाज किलोमीटरला ६३७. हा फरक किरकोळ आहे, अडीच टक्क्यांचा. पण समजा गिअरबॉक्समधलं पिनियन ३.९ रेशोच्या अॅक्सलसाठी कापलेलं आहे आणि तुमच्या गाडीखाली अॅक्सल आहे ४.३ चा. केबल दहा टक्के जास्त फिरणार आणि साठच्या वेगाला काटा सहासष्ट दाखवणार. त्यात ५.२०-१४ चे जुन्या बांधणीचे क्रॉस-प्लाय टायर काढून घेराला कमी असलेले रेडियल घातले, की चूक आणखी वाढते. उलट जुळणी झाली तर मीटर कमी वेग दाखवतो, आणि ते जास्त वाईट. युरोपात लागू असलेल्या नियमानुसार मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू शकत नाही. जास्त दाखवायची मुभा आहे, तीही दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर एवढीच.

परदेशात यावर केबलच्या मधोमध बसवायची गिअरची डबी मिळायची, फेरे कमी-जास्त करून देणारी. आपल्याकडे ती सहज मिळत नसे. तेव्हा बहुतेकांनी एकतर तोंडी हिशेब ठेवला, ‘आपल्या गाडीत सत्तर म्हणजे साठ’, नाहीतर केबल काढून ठेवली आणि विषय संपवला. तुटक्या मीटरच्या जितक्या फियाट रस्त्यावर दिसायच्या, त्यातल्या कित्येकांचा मीटर धडधाकट होता, असं माझं मत आहे.

इलेक्ट्रॉनिक उपाय मुंबईत ओळखीचा झाला तो टॅक्सीमुळे. काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या डाव्या अंगाला बाहेर बसवलेला भाड्याचा मीटर यांत्रिक होता, केबलवरच चालायचा. भाडेवाढ झाली तरी त्याचे आकडे तेच राहायचे. उतरताना ड्रायव्हर नव्या भाड्याच्या तक्त्याचं कार्ड काढायचा आणि मीटरवरच्या आकड्यासमोरची रक्कम वाचून दाखवायचा. २०१२ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटरची सक्ती झाली. आता केबलच्या फेऱ्यांचे विजेचे ठोके करून देणारा छोटा सेन्सर हजारो गाड्यांत बसवायचा होता. मीटरवाल्यांची एक पिढी फेरे मोजायच्या जागी ठोके मोजायला तेव्हा शिकली. अमुक किलोमीटरला अमुक ठोके, हा आकडा बटणं दाबून मीटरमध्ये भरता येतो, हे एकदा कळल्यावर पिनियनच्या दातांची कटकटच संपते. गिअरबॉक्स कोणाचाही असो, टायर कुठलेही असोत, मोजलेल्या अंतरावर गाडी एकदा चालवून आकडा भरला की झालं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सी गेली, सेन्सरची कला हौशी गाड्यांत उतरली.

पुढचं काम लॅमिंग्टन रोडच्या, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या स्वस्ताईने केलं. चुंबकाचे फेरे ओळखणारे हॉल सेन्सर, हाताच्या तळव्याएवढे संगणकी बोर्ड, आणि नव्या गाड्यांच्या मीटरमध्ये काटा फिरवणारी नखाएवढी स्टेपर मोटर हे सगळं काउंटरवर मिळू लागलं. त्यातली सर्वांत चालणारी मोटर ३१५ अंशांत फिरते आणि एका पावलाला अंशाचा तिसरा भाग सरकते. जुन्या तबकडीला हे पुरून उरतं. त्यामुळे नवा गोल गेज डॅशबोर्डात खुपसण्याऐवजी तबकडी, काच, रिंग, काटा जुनंच ठेवून फक्त पोट बदलायची पद्धत रुळली. कागदावर सोपी, हातात अवघड. जुना काटा जड असतो, तो एवढ्याशा मोटरला पेलवत नाही. मध्येच पावलं चुकतात आणि गाडी थांबली तरी काटा दहावर उभा. मोटरचा दांडा जुन्या काट्याच्या भोकापेक्षा बारीक, म्हणून लेथवर पितळी बुश करून घ्यावं लागतं. डायनामो आणि कटआउटच्या (वीज बनवण्याच्या जुन्या पद्धतीच्या) गाडीत वीज एकसारखी येत नाही, इग्निशनच्या ठिणगीचे खोटे ठोके सेन्सरच्या तारेत घुसतात आणि गाडी जागेवर उभी असताना अॅक्सिलरेटर दाबला की काटा उड्या मारतो. जाळीची तार आणि वेगळी अर्थिंग दिल्याशिवाय ते थांबत नाही. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या ब्रिटिश गाड्यांत तर बहुधा बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. तिथे हे न बघता तारा जोडल्या की बोर्ड जळालाच.

जीपीएसचा मीटर त्यामानाने बिनत्रासाचा. केबल नको, सेन्सर नको, आकडा भरणं नको. अमेरिकेने मे २००० मध्ये नागरी वापराच्या सिग्नलमधली मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि त्याचा अचूकपणा वाढला. पण गाडी सुरू केल्यावर उपग्रह सापडेपर्यंत काटा ढिम्म, आणि एक्स्प्रेसवेच्या बोगद्यांत किंवा सागरी किनारा मार्गाच्या दोन किलोमीटरच्या बोगद्यात मीटर आंधळा. मोकळ्या घाटरस्त्याला ठीक आहे.

आता ज्यावरून खरी भांडणं होतात तो मुद्दा: अंतराचा आकडा.

वेगाचा काटा जुना ठेवता येतो, पण पोट बदललं की आकड्यांची चाकं फिरवायला केबल उरत नाही. मग किती किलोमीटर लिहायचे? एक गट म्हणतो, जुना आकडा नव्या मीटरमध्ये भरा आणि तिथून पुढे मोजा, गाडीचं वय तुटता कामा नये. दुसरा म्हणतो, शून्यापासून सुरू करा, कारण यंत्र नवं आहे. तिसरा म्हणतो, जुनी चाकं आहेत त्या आकड्यावर तशीच गोठवा, दिसू द्या, आणि नवी मोजणी छोट्या पडद्यावर वेगळी ठेवा.

अमेरिकेत हा प्रश्न १९७२ च्या कायद्याने निकालात काढला. मीटर बदलताना जुना आकडा कायम ठेवता येत नसेल तर नवा शून्यावर लावायचा आणि डाव्या दाराच्या चौकटीवर चिठ्ठी चिकटवायची: आधीचा आकडा अमुक, बदल तमुक तारखेला. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारातली फसवणूक रोखायला केलेला तो कायदा, पण हौशी गाड्यांना अगदी चपखल बसतो. आपल्याकडे आरसी बुकात किलोमीटरचा रकानाच नाही. त्यामुळे सगळा कारभार मालकाच्या शब्दावर, आणि विकताना त्या शब्दाची किंमत लाखांत होऊ शकते. ‘फक्त ४२,००० चाललेली’ अशी जाहिरात केलेली साठच्या दशकातली फियाट बघितली की जाणकार हसतात. बहुतेक जुन्या मीटरांत पाचच आकडे, ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. मधली कित्येक वर्षं केबल तुटलेली. शिवाय बऱ्याच यांत्रिक मीटरांत रिव्हर्स घेतला की चाकंही उलटी फिरतात. म्हणजे ज्या आकड्याच्या पावित्र्यासाठी एवढा आग्रह, तो मुळात किती खरा?

म्हणूनच जुना आकडा नव्या मीटरमध्ये भरणं मला सर्वांत कमी पटतं. अर्धवट खऱ्या आकड्याला नव्या यंत्राची साक्ष मिळते आणि पुढचा खरेदीदार त्या साक्षीवर विसंबतो. गोठवलेली चाकं निदान काही लपवत नाहीत. दाराच्या चौकटीवर चिठ्ठी लावायला आपल्याकडेही कोणी मनाई केलेली नाही, तरी ती लावणारा मालक विरळा.

जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले आणि वादाला कायद्याची फोडणी मिळाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल करून मोठी उलथापालथ न केलेली गाडी व्हिंटेज ठरते. २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची नोंदणी, ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक, आणि रोजच्या वापराला बंदी. पहिल्या पद्मिनी नुकत्याच पन्नाशीत पोचल्याने हा प्रश्न आता थेट त्यांच्या मालकांच्या दारात आहे. व्याख्येत चासी आहे, बॉडी शेल आहे, इंजिन आहे. डॅशबोर्ड नाही, मीटर नाही. म्हणून मीटर बदलला तरी चालतं, असा एक अर्थ. ‘मूळ स्वरूप’ या शब्दांत सगळंच आलं, असा दुसरा. वेग दाखवणारं उपकरण हवं, हे १९८९ च्या नियमांत आहेच. ते केबलवर चालावं की तारेवर, याबद्दल ते गप्प आहेत. माझ्या मते पहिला अर्थ सरळ आहे. निस्सानचा गिअरबॉक्स बसवलेल्या गाडीत कोणी मीटरवर बोट ठेवत असेल, तर त्याने आधी गाडीखाली वाकून बघावं.

जुन्या गाड्यांच्या रॅलीतल्या परीक्षकांचं गणित वेगळं. त्यांना कायद्याशी कर्तव्य नसतं, ते मूळपणाला गुण देतात. चावी फिरवल्यावर काटा सरसर शेवटपर्यंत जाऊन परत आला, की आत स्टेपर मोटर आहे हे त्यांना न वाकता कळतं. म्हणून काही कारागीर ती सुरुवातीची फेरी मुद्दाम बंद करून देतात. मग बॅटरी मध्येच निघाली तर काटा जिथे होता तिथेच राहतो आणि शून्य हरवतं.

अलीकडे यावर एक उलटा तोडगा आलाय. गिअरबॉक्सवर सेन्सर, बॉनेटखाली एक डबी, आणि त्या डबीतली मोटर ठोक्यांच्या हिशेबाने वीतभर केबल फिरवते. ती केबल जाते मूळ, न उघडलेल्या मीटरमध्ये. चुंबक, वाटी, स्प्रिंग, आकड्यांची चाकं, सगळं पूर्वीसारखं फिरतं, फक्त फेऱ्यांचा हिशेब डबीत दुरुस्त होतो. अंतराच्या आकड्याचा वादही तिथेच मिटतो. डबी आपल्याकडे बाहेरून मागवावी लागते, स्वस्त नाही, आणि अगदी हळू वेगाला मोटर अडखळत फिरत असेल तर काटा किंचित थरथरतो. पण ज्याच्या मीटरचं पोट अजून कोणी उघडलेलं नाही, त्याने आधी याचा विचार करावा.