सरोगसी ठरली असेल तर दात आधी दाखवा, आणि येताना औषधांची फाईल आणा

दांडिया बाजारातल्या आमच्या दवाखान्यात सरोगसीसाठी तयार झालेल्या बायका येतात, तेव्हा सोबतचं कुणीतरी हमखास विचारतं, "बाळ दुसऱ्यांचं आहे, दाताला हात लावलेला चालेल ना?" चालतो. हिरड्या सुजतात त्या जिच्या पोटात बाळ आहे तिच्याच, आणि त्यांवर उपचारही तिलाच हवेत.

कायद्याप्रमाणे सरोगेटला स्वतःचं मूल असावंच लागतं. त्यामुळे "मागच्या वेळी दातांना काहीच झालं नव्हतं" हेही आम्ही नेहमी ऐकतो. पण मागच्या वेळी बाहेरून हार्मोन दिले नव्हते. आता ट्रान्सफरच्या, म्हणजे तयार गर्भ पिशवीत सोडण्याच्या, आधीच इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू होतात, मग प्रोजेस्टेरॉन, आणि बहुतेक वेळा ते तिसऱ्या महिन्यापर्यंत चालू राहतं. याच हार्मोनमुळे दातांवर साचलेल्या थराचा हिरड्यांना जास्त त्रास होतो. म्हणून ब्रश करताना रक्त लवकर दिसू शकतं. रक्त आलं की बायका त्या बाजूला घासणंच सोडतात आणि सूज वाढते. मऊ ब्रशने, फ्लोराइडच्या पेस्टने दोन वेळा घासत राहा.

आता ज्या चुकीत तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो, ती सांगतो. दाखवायला येताना "बीपी नाही, शुगर नाही" एवढंच सांगितलं जातं. सरोगसीचं नाव निघत नाही, कधीकधी दिवस गेलेत हेसुद्धा नाही. गल्लीत, नात्यात चर्चा नको असते, ते आम्हाला समजतं. पण ट्रान्सफरनंतर काहींना कमी डोसची ॲस्पिरिन किंवा पोटावर टोचायची हेपारिनची इंजेक्शनं असतात. दोन्हींनी रक्त थांबायला वेळ लागतो. दाढ काढायला खुर्चीवर बसल्यावर हे कळलं की आम्ही हात थांबवतो, आयव्हीएफच्या डॉक्टरांना फोन लावतो, त्या ऑपरेशनमध्ये असतात, आणि तुम्हाला दुखरी दाढ घेऊन घरी जावं लागतं. एवढी चौकशी कशाला, असं काहीजण म्हणतात. दोन जिवांचा प्रश्न असताना आम्ही अंदाजाने काम करत नाही, आणि पुढेही करणार नाही.

उपाय सोपा आहे. वेळ घेतानाच शेवटच्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, फाईल बरोबर आणा. मात्र दात काढायचाय म्हणून कुठलंही औषध स्वतःहून बंद करून येऊ नका. तो निर्णय तुमच्या आयव्हीएफच्या डॉक्टरांचा. फाईल फक्त डॉक्टर बघतात, काउंटरवर कुणी काही विचारत नाही. तपासणी आम्ही त्या बाईशी एकटीशी बोलून करतो. खर्च जोडपं करत असलं तरी दात तिचे आहेत, होकार तिचाच लागतो.

खर्चाचं म्हणाल तर 2021 च्या कायद्यात सरोगेटला मोबदला देता येत नाही, पण वैद्यकीय खर्च आणि विमा जोडप्याने करायचा असतो. बिल तिच्या नावाने पक्कं मिळेल. विम्यात दातांचा खर्च बसतो का, ते कंपनीला आधी विचारून घ्या.

सफाई, फिलिंग, अक्कलदाढेचा त्रास, एक्स-रे हे सगळं ट्रान्सफरच्या आधी उरकलेलं सर्वांत बरं. राहिलंच तर चौथा ते सहावा महिना सोयीचा. पण सूज, पू किंवा ठणका असेल तर महिना मोजत बसू नका, लगेच या. बधिर करायचं लिग्नोकेन गर्भारपणात चालतं, गरजेपुरता एक्स-रेही. घरी दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मेडिकलवरून आणून घेऊ नका. डॉक्सिसायक्लिन तर नकोच, त्याने बाळाच्या दातांवर डाग पडू शकतात.

उलटी झाली की लगेच ब्रश करू नका. आम्लाने दाताचा वरचा थर मऊ झालेला असतो. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चुळा भरा आणि अर्ध्या तासाने घासा. मळमळीसाठी दिवसभर गोड गोळ्या चघळण्यापेक्षा शेंगदाणे, फुटाणे बरे.

बाळ जोडप्याकडे गेल्यावर तिच्या हिरड्यांची चौकशी करायचं बहुतेक घरी राहून जातं. म्हणून आमच्या सरोगसी पॅकेजमध्ये तीन भेटी आहेत: ट्रान्सफरच्या आधी तपासणी आणि सफाई, पाचव्या महिन्यात एक, आणि बाळंतपणानंतर दोन महिन्यांच्या आत एक. तिसऱ्या भेटीची तारीख आम्ही पहिल्याच दिवशी तिच्या मोबाइलवर पाठवतो.