टेक्स्ट ॲडव्हेंचर आणि मड: दिसायला जुळे, घड्याळ वेगळं

जुन्या गेम्सचा विषय निघाला की हमखास कोणीतरी म्हणतं, "अरे ते काळ्या स्क्रीनवर गो नॉर्थ टाइप करायचो ना, ते मड!" आणि मग सांगायला लागतं झॉर्क ह्या टेक्स्ट ॲडव्हेंचरबद्दल. उलटंही होतं, रात्र रात्र मडमध्ये घालवलेली माणसं त्यालाच टेक्स्ट ॲडव्हेंचर म्हणतात. चूक कोणाचीच नाही खरं तर, कारण स्क्रीनचा फोटो काढून समोर ठेवला तर मलाही पटकन सांगता येणार नाही. खोलीचं नाव, चार ओळींचं वर्णन, बाहेर जायच्या वाटा, खाली पडलेल्या वस्तू आणि मग तुमच्या टायपिंगची वाट बघणारा प्रॉम्प्ट. दोन्हीकडे एन म्हणजे उत्तर, आय म्हणजे झोळीत काय आहे ते, लुक म्हणजे परत एकदा बघ. पण हे दोन फार वेगळे प्रकार आहेत, टेक्स्ट ॲडव्हेंचर एकट्याने खेळायचा आणि मड एकाच वेळी अनेकांनी मिळून, आणि मला दोन्ही इतके जवळचे आहेत की एकाच्या नावाने दुसऱ्याचं कौतुक झालं की राहवत नाही.

आधी टेक्स्ट ॲडव्हेंचर. विल क्राउदर हा अमेरिकेतला प्रोग्रॅमर, इंटरनेटच्या आधीचं अर्पानेट हे नेटवर्क उभं करणाऱ्या टीममधला, आणि गुहा शोधत फिरायचा त्याला नाद. घटस्फोटानंतर आपल्या मुलींना खेळता येईल असं काहीतरी करावं म्हणून त्याने १९७५-७६ च्या सुमारास पीडीपी-१० ह्या मोठ्या कॉम्प्युटरवर, फोरट्रान ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, एक गेम लिहिला. केंटकीमधल्या मॅमथ केव्हच्या परिसरातली जी गुहा त्याने पायाखाली घातली होती तीच त्यात शब्दांतून उतरवली. पुढे स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सच्या हाती तो लागला, त्याने क्राउदरला शोधून परवानगी घेतली आणि १९७७ मध्ये तो बराच वाढवला. हाच कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर, ज्याच्यावरून अख्ख्या प्रकाराचं नाव ॲडव्हेंचर पडलं. ह्यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते: गेम प्रत्येक शब्दाची फक्त पहिली पाच अक्षरं वाचायचा. म्हणजे तुम्ही नॉर्थईस्ट असं पूर्ण टाइप केलं तर त्याला इंग्रजीतली पहिली पाचच अक्षरं दिसणार, ती नॉर्थची, आणि तो तुम्हाला सरळ उत्तरेला पाठवणार. म्हणून सुरुवातीच्या सूचनेतच लिहिलेलं असायचं की ईशान्येला जायचं तर एनई टाइप करा.

त्याच गेममधला दिवा हा ह्या सगळ्या फरकाची किल्ली आहे. तुमच्याकडे बॅटरीचा लॅम्प असतो, बॅटरी संपली की अंधार, आणि अंधारात पाऊल टाकलं की खड्ड्यात पडून मरण्याची भीती. पण ती बॅटरी मिनिटांवर उतरत नाही, तुमच्या चालींवर उतरते. तुम्ही एका खोलीत उभं राहून दोन तास नकाशा काढत बसा, जेवून या, झोपून या, आठवड्याने परत या, दिवा तेवढाच भरलेला. तुम्ही एंटर दाबलं की गुहा एक श्वास घेते आणि परत थांबते. टेक्स्ट ॲडव्हेंचरचं जग तुमच्यासाठी थांबून राहतं, आणि माझ्या मते ते पुस्तकासारखं वाटतं त्याचं कारण त्यातला मजकूर नाही, हे थांबणं आहे.

आता मड. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स युनिव्हर्सिटीत रॉय ट्रबशॉ ह्या विद्यार्थ्याने पीडीपी-१० वरच एक गेम लिहायला घेतला, ज्यात एका वेळी अनेक जण एकाच जगात असतील. नंतर रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. मड म्हणजे मल्टी युझर डंजन. ह्यातला डंजन कुठून आला हे बघितलं की गोंधळाचं मूळ सापडतं: एमआयटीमध्ये १९७७ पासून बनत गेलेल्या झॉर्कची एक फोरट्रान आवृत्ती डंजन नावाने फिरत होती, ट्रबशॉला ती माहीत होती आणि त्याने नाव त्यावरून ठेवलं. थोडक्यात मड हे नावच "झॉर्कसारखं, पण अनेकांसाठी" असं सांगतं, मग लोकांनी दोन्ही एक समजले तर नवल काय.

पण अनेक जण आत आले की थांबणं शक्यच नाही, कोणासाठी थांबणार? म्हणून मडमध्ये चालीची जागा टिकने, म्हणजे गेमच्या स्वतःच्या घड्याळाच्या ठोक्याने घेतली. १९९१ मध्ये कोपनहेगन युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांनी डिकूमड काढलं आणि पुढची कितीतरी मड्स त्याच कोडवर उभी राहिली, त्यात दर ७५ सेकंदांना गेममधला एक तास सरायचा, टिक पडली की तुमचा जीव थोडा भरायचा, भूक लागायची, आणि मारामारी सुरू असेल तर तुम्ही काही टाइप करा न करा, दर दोन-तीन सेकंदांनी घाव पडतच राहायचे.

हे मला ज्या दिवशी कळलं तो दिवस आठवतो. आधी बरीच टेक्स्ट ॲडव्हेंचर्स खेळलेली होती, त्यामुळे एका मडमध्ये गुहेच्या मधोमध उभी राहून मी सवयीने उठले, पाणी प्यायले, परत आले तर स्क्रीनवर वीस-पंचवीस ओळी वर सरकून गेलेल्या, कुठूनसा एक ट्रोल फिरत फिरत त्या खोलीत आला, त्याने मला मारलं, मी मेले, माझं सगळं सामान माझ्या प्रेताजवळ त्या खोलीत पडलेलं आणि तेवढ्यात तिसराच कोणी खेळाडू ते उचलून निघून गेलेला, आणि हे सगळं मी नसताना. वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त अंगावर काटा आला की ही जागा माझ्याशिवाय चालू असते.

सेव्ह हा शब्द दोन्हीकडे आहे आणि तिथेही माणूस फसतो. टेक्स्ट ॲडव्हेंचरमध्ये सेव्ह म्हणजे अख्खं जग डबीत बंद करून ठेवणं, चुकलात की रिस्टोअर करा, ट्रोल जिवंत, दरवाजा बंद, सगळं होतं तसं. मडमध्ये सेव्ह केलं तर फक्त तुमचं पात्र जपलं जातं, जग नाही. जगाला मागे नेणं कोणाच्याच हातात नसतं, तिथे फक्त रिसेट असतो, म्हणजे ठराविक वेळाने मारलेले राक्षस परत उभे राहतात आणि उचललेला खजिना परत जागेवर येतो, नाहीतर सकाळी पहिल्यांदा आलेल्यानेच सगळं लुटलं असतं.

ह्यातूनच भाषासुद्धा वेगळी झाली. टेक्स्ट ॲडव्हेंचर लिहिणाऱ्यांनी सगळा जीव पार्सरवर, म्हणजे तुम्ही टाइप केलेलं समजून घेणाऱ्या भागावर लावला. क्राउदर-वुड्सच्या गेमला दोन शब्दांपलीकडे कळत नव्हतं, झॉर्कला मात्र अमुक वस्तू तमुक कपाटात ठेव असं पूर्ण वाक्य कळायचं, आणि झॉर्कवाल्यांनी १९७९ मध्ये काढलेल्या इन्फोकॉम ह्या कंपनीची ओळखच ती होती. मडमध्ये लांब वाक्य टाइप करत बसलात तर तोवर मेलात, म्हणून तिथे मारायला के, बघायला एल. पण एक गोष्ट लोक पूर्ण वाक्यात टाइप करायचे, एकमेकांशी बोलणं. से, टेल, शाउट ह्या कमांड्सवर किती दोस्त्या झाल्या असतील. टेक्स्ट ॲडव्हेंचरमध्ये कोडं सुटलं नाही तर आठवडाभर डोकं खाजवायचं, मडमध्ये शाउट केलं की कोणीतरी वाट दाखवायला स्वतः चालत यायचं.

ह्या दोघांच्या मधली तिसरी गोष्ट म्हणजे बीबीएसवरचे डोअर गेम्स, आणि काही जण तर ह्या तिन्हींची खिचडी करतात. बीबीएस म्हणजे बुलेटिन बोर्ड सिस्टीम, आपल्या कॉम्प्युटरवरून फोन लावून आत शिरायची आणि निरोप ठेवायची जागा: बहुतेक वेळा कोणाच्या तरी घरचा कॉम्प्युटर, त्याला मोडेम, मोडेमला फोनची लाइन. पहिली बीबीएस शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस ह्यांनी फेब्रुवारी १९७८ मध्ये सुरू केली, बर्फाच्या वादळात अडकून पडलेले असताना हाती घेतलेलं काम ते. ३०० बॉडच्या मोडेमवर सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं यायची, म्हणजे ८० बाय २५ ची भरलेली स्क्रीन यायला मिनिटाहून जास्त. आणि लाइन एकच असेल तर आत माणूसही एका वेळी एकच. डोअर म्हणायचे कारण बीबीएस तुम्हाला जणू एका दारातून बाहेरच्या प्रोग्रॅमकडे पाठवायची, सोबत एक छोटी फाइल द्यायची ज्यात तुमचं नाव आणि आज तुमची किती मिनिटं उरलीत ते लिहिलेलं.

१९८९ चा लेजंड ऑफ द रेड ड्रॅगन घ्या. रोज जंगलात ठराविकच लढाया मिळायच्या, त्या संपल्या की उद्या या. तुम्ही आत असताना जग टेक्स्ट ॲडव्हेंचरसारखं तुमच्यासाठी थांबलेलं, पण तुम्ही फोन ठेवला की पुढचा कॉलर आत येणार आणि तुम्ही उघड्यावर शेतात झोपला असाल तर तुम्हाला झोपेतच मारून जाणार, म्हणून पैसे असतील तर सरायीत खोली घ्यायची. दुसऱ्या दिवशी लॉगिन केल्यावर गावच्या बातम्यांत वाचायचं की काल आपल्याला कोणी मारलं. मला ही कल्पना अजूनही भन्नाट वाटते, पत्राने बुद्धिबळ खेळावं तसं.

अपवाद आहेत. इन्फोकॉमनेच १९८७ मध्ये बॉर्डर झोन नावाचा हेरगिरीचा गेम काढला, त्यात एकटाच खेळाडू असून खरं घड्याळ चालू राहायचं. त्यामुळे घड्याळ हा कायदा म्हणून नका धरू, पण ओळखायची खूण म्हणून शंभरातल्या नव्याण्णव वेळा चालते.

आणि आठवणींच्या बाबतीत हाच फरक सगळ्यात जास्त टोचतो. झॉर्क आज परत हवा असेल तर मिळतो, अख्खा. इन्फोकॉमचे गेम झेड-मशीन नावाच्या काल्पनिक कॉम्प्युटरसाठी लिहिलेले होते, फ्रॉट्झसारखा छोटा प्रोग्रॅम घेतला की १९८० ची ती फाइल आजच्या मोबाइलवरही तशीच चालते, शब्द न शब्द तोच. नवीन लिहिणारेही आहेत, ग्रॅहम नेल्सनच्या इन्फॉर्म ह्या गेम लिहायच्या साधनावर अजून गेम्स येतात आणि त्यांची स्पर्धा १९९५ पासून दरवर्षी भरते.

मडचं तसं नाही. डिकूचा कोड मिळेल, खोल्या मिळतील, वर्णनं मिळतील, सर्व्हर टाकायला एक दुपार पुरेल. मी टाकूनही पाहिलाय. टेलनेट केलं, म्हणजे सर्व्हरला जोडून घेतलं, पोर्ट ४०००, देवळाच्या चौकात उभी राहिले, सगळं जिथल्या तिथे, आणि मग हू टाइप केलं, म्हणजे आत्ता आत कोण कोण आहे ते. यादीत एकच नाव आलं, माझं. थोडा वेळ तशीच थांबले. टिक पडत होत्या.